हॅन्सार्डमधील प्रश्नोत्तरे कशी वाचावीत : १९१९ ते १९३९ या काळासाठी मार्गदर्शन

दोन महायुद्धांच्या दरम्यानचा ब्रिटन आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा सायमन कमिशन, गोलमेज परिषदा आणि म्युनिकचा करार यांच्या अनुषंगाने. त्याच वीस वर्षांत हाउस ऑफ कॉमन्समध्ये अधिवेशन चालू असताना सोमवार ते गुरुवार, दुपारी पावणेचारपर्यंत, पावाची किंमत, दुधातील भेसळ, कोळशाचा तुटवडा, घरभाडे, बेकारभत्ता, परदेशी हातमोजे आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापड यांविषयी मंत्र्यांना प्रश्न विचारले जात होते. ही सारी प्रश्नोत्तरे हॅन्सार्ड या अधिकृत वृत्तांतात नोंदलेली आहेत आणि आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. इतिहासाचे विद्यार्थी, पत्रकार आणि आर्थिक इतिहासात रस असलेले वाचक यांच्यासाठी हे साधन अतिशय मोलाचे आहे. तरीही पहिल्या बैठकीतच कंटाळून ते बाजूला ठेवणारे पुष्कळ असतात, कारण त्यातील उत्तरे बहुतेक वेळा दोन ओळींची, कोरडी आणि वरकरणी निरर्थक वाटतात.

ती निरर्थक नाहीत. मात्र ती वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : मंत्र्याने काय उत्तर दिले हे पाहण्याआधी त्या विषयाची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली की दुसऱ्या कोणाकडे सरकवली, हे पाहावे. या काळातील रोजच्या जीवनाशी निगडित धोरणांचा खरा इतिहास मला तरी या सरकवासरकवीतच सापडतो. पुढील सर्व सूचना याच दृष्टीने दिलेल्या आहेत.

एकच जिन्नस धरून चालावे

एखाद्या दिवसाची संपूर्ण प्रश्नोत्तरे वाचायला घेऊ नयेत. एका दिवशी नौदलाच्या गोदीतील मजुरी, केनियातील जमीन, टेलिफोनचे दर आणि एखाद्या गावचे टपालघर असे विषय एकामागून एक येतात आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा दूध, पाव, कोळसा, सुती कापड, बेकारभत्ता यांपैकी एकच विषय निवडावा आणि तो १९१९ पासून १९३९ पर्यंत पुढे पुढे वाचत जावे. निदान तीन सरकारांच्या काळातील उत्तरे समोर आल्याशिवाय मत बनवू नये. या वीस वर्षांत १९२२, १९२३, १९२४, १९२९, १९३१ आणि १९३५ अशा सहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यामुळे काल विरोधी बाकावरून जो प्रश्न विचारत होता, तोच आज मंत्री होऊन त्याच प्रश्नाला उत्तर देत आहे, असे प्रसंग वाचकाला वारंवार भेटतात. अशी जोडी सापडली की ती दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी उतरवून घ्यावीत.

शोध घेताना त्या काळचे शब्द वापरावे लागतात. रेडिओविषयीचे प्रश्न ‘वायरलेस’खाली सापडतील, पेट्रोलविषयीचे पुष्कळसे ‘मोटर स्पिरिट’खाली, आणि ज्या बेकारभत्त्याला लोक ‘डोल’ म्हणत त्याचा उल्लेख मंत्री ‘अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट’ असाच करीत असत. जुन्या छापील खंडांवरून यंत्राने अक्षरे उचलून ही संकेतस्थळे तयार झालेली असल्याने नावांत, अपूर्णांकांत आणि पौंड-शिलिंगच्या चिन्हांत चुका राहिल्या आहेत. एखादा आकडा चमत्कारिक वाटला, तर मूळ पानाचे चित्र किंवा छापील खंड पाहिल्याशिवाय तो वापरू नये.

प्रश्न कोणाला विचारला आहे?

संसदीय नियम असा होता, आणि आजही आहे, की मंत्र्याला त्याच्या अधिकारात असलेल्या गोष्टीविषयीच प्रश्न विचारता येतो. म्हणूनच प्रश्नाच्या सुरुवातीला आलेले मंत्र्याचे पदनाम हा केवळ उपचार नसून ती गोष्ट त्या वर्षी सरकारच्या कोणत्या कप्प्यात ठेवली होती, याचा तो पुरावा असतो.

दुधाचे उदाहरण घेऊ. युद्धकाळातील अन्न मंत्रालय ३१ मार्च १९२१ रोजी बंद झाले आणि त्याची उरलीसुरली कामे बोर्ड ऑफ ट्रेड या व्यापार खात्याकडे गेली. त्यामुळे दुधाच्या भावाविषयीचे प्रश्न त्या तारखेनंतर बोर्ड ऑफ ट्रेडच्या अध्यक्षाला, म्हणजे त्या खात्याच्या मंत्र्याला, विचारलेले दिसतात. तेच दूध स्वच्छ आहे की नाही, त्यातून क्षयरोग पसरतो की नाही, हे प्रश्न १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य मंत्रालयाकडे जात. गाईगुरांचे रोग कृषिमंत्र्याकडे, तर शाळकरी मुलांना मिळणारे दूध शिक्षण मंडळाच्या अध्यक्षाकडे. १९३१ आणि १९३३ च्या कृषिपणन कायद्यांनंतर मिल्क मार्केटिंग बोर्ड आले आणि भाव ठरविण्याचे काम शेतकऱ्यांच्या त्या मंडळाकडे गेले. १९३४ मध्ये शाळांतून पिंटाचा तिसरा हिस्सा दूध अर्ध्या पेनीला देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा एकाच बाटलीविषयी तीन-चार मंत्र्यांना विचारणे शक्य होते आणि त्यांतील प्रत्येकाला उत्तर टाळून दुसऱ्याकडे बोट दाखविणेही शक्य होते. म्हणून एखाद्या विषयावर शोध घेताना एकाच खात्याची उत्तरे वाचून थांबू नये. आपला जिन्नस कोणत्या वर्षी कोणाच्या ताब्यात होता, याचा एक छोटा तक्ता आधी तयार करावा आणि मगच वाचनाला बसावे. कोळसा अभ्यासायचा असेल, तर १९२० पासून बोर्ड ऑफ ट्रेडच्या अखत्यारीत खाणींचे स्वतंत्र खाते आणि त्याचा स्वतंत्र सचिव होता, हे त्या तक्त्यात हवे. दुकानांच्या वेळा आणि कारखान्यांची तपासणी गृहमंत्र्याकडे होती, हेही हवे.

मंत्री कोणत्या सभागृहाचा सदस्य आहे, तेही पाहावे. भारताविषयीचे प्रश्न वाचणाऱ्याला ही गोष्ट विशेष उपयोगी पडते. १९२२ ते १९२८ या काळात पील, ऑलिव्हिए आणि बर्कनहेड हे तिन्ही भारतमंत्री हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत, त्यामुळे कॉमन्समध्ये त्यांच्या वतीने उपमंत्री उत्तरे देत. यांतील बहुतेक वर्षे ते काम अर्ल विंटरटन यांच्याकडे होते. धोरण ठरविणारा माणूस सभागृहातच नाही आणि उत्तर देणारा त्याच्या सूचनेबाहेर एक शब्द बोलू शकत नाही, अशा परिस्थितीतील उत्तरे साहजिकच अधिक आखडती आहेत. १९२९ मध्ये वेजवुड बेन आणि १९३१ मध्ये सॅम्युअल होअर हे भारतमंत्री स्वतः कॉमन्समध्ये होते. त्या वर्षांतील उत्तरांशी आधीची उत्तरे ताडून पाहिली, तर फरक लगेच जाणवतो.

प्रश्नाचा साचा

प्रश्न आधी लेखी द्यावा लागे. ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी हवे, त्यावर सदस्य तारा लावून देत असे. तारा नसलेल्या प्रश्नाचे उत्तर छापून येई. १९०९ मध्ये एका सदस्याला एका दिवसात आठ तारांकित प्रश्नांची मर्यादा घालण्यात आली होती आणि १९२० पर्यंत ती तीनवर आली. ही मर्यादा लक्षात ठेवली, तर एखाद्या सदस्याने आपल्या तीन प्रश्नांपैकी एक गॅसच्या मँटलवर (गॅसबत्तीच्या जाळीवर) किंवा वजनात मारलेल्या पावावर खर्च केला, याचा अर्थ कळतो. पंतप्रधानांना विचारलेले प्रश्न यादीत ४५ व्या क्रमांकापासून सुरू होत, म्हणून रोजच्या व्यवहाराचे प्रश्न त्याच्या आधी उरकलेले दिसतात. जे मागे राहत, त्यांची उत्तरे तोंडी न होता छापून येत.

प्रश्नात मत, युक्तिवाद किंवा टोमणा घालायला परवानगी नव्हती आणि त्यात दिलेल्या माहितीची जबाबदारी विचारणाऱ्यावर असे. या बंधनामुळे सदस्यांनी एक शैली घडवली. ‘अमुक गोष्टीची मंत्रिमहोदयांना कल्पना आहे काय’ अशी सुरुवात करून त्यात आपल्याला नोंदवायची सगळी हकिगत घालायची आणि शेवटी ‘तसे असल्यास ते कोणती उपाययोजना करणार आहेत’ असे विचारायचे. म्हणून प्रश्नाचा पहिला भाग अतिशय सावकाश वाचावा. कित्येकदा उत्तरापेक्षा प्रश्नातच अधिक माहिती असते : गावाचे नाव, मजुरीचा दर, किती कामगारांना घरी पाठवले, कोणत्या तारखेपासून भाव वाढला. अर्थात ती सदस्याने दिलेली माहिती आहे, मंत्र्याने मान्य केलेली नव्हे. आपल्या टिपणात हा भेद स्पष्ट दिसला पाहिजे.

पूरक प्रश्न मात्र लेखी नसत आणि तिथेच माणसे दिसू लागतात. मूळ उत्तर खात्यातील अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले असते. पूरक प्रश्नांसाठीही ते टिपणे देतात, पण सगळेच त्यांना ओळखता येत नाही. एका उत्तरानंतर तीन-चार सदस्य उठले असतील, तर तो विषय त्या आठवड्यात तापलेला आहे असे समजावे आणि त्या सदस्यांचे मतदारसंघ शोधून काढावेत. सभापतींनी मध्येच थांबवून पुढचा प्रश्न पुकारला असेल, तर तेही टिपून ठेवावे. १९२१ ते १९२८ या काळातील सभापती जॉन हेन्री व्हिटली यांचा हात या सगळ्या प्रश्नोत्तरांवर आहे. हेच व्हिटली पुढे १९२९ मध्ये नेमलेल्या भारतातील मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष झाले आणि त्या कमिशनवर मुंबईचे ना. म. जोशी सदस्य होते. कॉमन्समध्ये मजुरीच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे नियम सांगणारा माणूस मुंबईच्या चाळींच्या अवस्थेवर साक्षी ऐकायला आला, ही गोष्ट दोन्हीकडची कागदपत्रे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उत्तराने समाधान झाले नाही, तर ‘हा विषय मी सभा तहकुबीच्या वेळी उपस्थित करीन’ असे सदस्य जाहीर करीत असे. हे वाक्य दिसले की त्याच दिवसाच्या किंवा नंतरच्या एखाद्या दिवसाच्या वृत्तांताच्या अगदी शेवटी जावे. रात्री अकराच्या पुढे होणाऱ्या त्या अर्ध्या तासाच्या चर्चेत मंत्र्याला दोन ओळींवर सुटता येत नाही.

उत्तर देण्याच्या आणि न देण्याच्या तऱ्हा

काही दिवस वाचन झाले की उत्तरांचे ठरावीक नमुने ओळखू येतात. ‘पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे, म्हणून दुसरा भाग उद्भवत नाही’ हे सर्वांत सरळ. ‘यासाठी स्वतंत्र सूचना हवी’ म्हणजे मंत्र्याजवळ या क्षणी माहिती नाही किंवा ती त्याला आज द्यायची नाही. अशा वेळी तोच सदस्य पुढील दोन-तीन आठवड्यांत पुन्हा विचारतो का, ते पाहावे, कारण बहुधा तो विचारतोच. ‘आकडे वृत्तांतात छापले जातील’ असे उत्तर आले, तर कंटाळा न करता त्याच स्तंभाच्या खाली दिलेला तक्ता उतरवून घ्यावा. दुसरीकडे सहज न मिळणारी कितीतरी जिल्हावार आकडेवारी अशाच उत्तरांमुळे छापली गेली आहे. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर किती महिने टिकले, ते तारखांनिशी मोजावे.

यांखेरीज आणखी एक नमुना आहे आणि माझ्या मते या काळाची सर्वांत महत्त्वाची खूण तोच आहे : ‘हा विषय अमुक मंडळाच्या अधिकारातील आहे.’ रेल्वेचे दर १९२१ च्या कायद्यानंतर दर-लवादाकडे गेले. १९२५ मध्ये, अन्नाच्या किमतींविषयीच्या रॉयल कमिशननंतर, फूड कौन्सिल आले. त्याला कोणावर सक्ती करण्याचा अधिकार नव्हता, तरी भावाविषयी विचारणाऱ्याला त्याच्या अहवालांची वाट पाहायला सांगण्याची सोय झाली. १९२७ मध्ये बीबीसी सार्वजनिक महामंडळ झाली, तेव्हा परवान्याचे दहा शिलिंग टपालखाते गोळा करीत असले, तरी कार्यक्रमांविषयी विचारले की पोस्टमास्टर जनरल हात वर करू शकत होता. १९३२ चा आयात जकात कायदा आला, बहुतेक परदेशी मालावर दहा टक्के जकात बसली आणि त्याहून अधिक जकातीची शिफारस सर जॉर्ज मे यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीकडे सोपवली गेली. कारखानदारांच्या मिनतवाऱ्या सभागृहाबाहेर राहाव्यात हा त्यामागचा हेतू चुकीचा नव्हता, परंतु एखादी वस्तू महाग का झाली असे विचारणारा सदस्यही त्याच दाराबाहेर राहिला. त्याआधी १९२५ नंतर लेस, हातमोजे, सुऱ्या-कात्र्या, गॅसचे मँटल, वेष्टनाचा कागद अशा एकेका वस्तूला संरक्षण दिले गेले, तेव्हा बोर्ड ऑफ ट्रेडच्या अध्यक्षाला प्रत्येक वस्तूबद्दल सभागृहात धारेवर धरता येत होते. १९३० आणि १९३५ मधील जकातविषयक प्रश्न समोरासमोर ठेवून वाचले, तर मंत्र्याच्या वाक्यांची लांबीसुद्धा कमी झालेली दिसते.

सरावासाठी एक धागा : बेकारभत्ता

या पद्धतीचा सराव करायला बेकारभत्त्यासारखा दुसरा विषय नाही. १९२० च्या कायद्याने विमा बहुतेक उद्योगांतील कामगारांना लागू केला आणि पुरुषाला आठवड्याला १५ शिलिंग, स्त्रीला १२ शिलिंग असा भत्ता ठेवला. लगेच मंदी आली आणि १९२१ नंतर बेकारांची संख्या जवळजवळ सतत दहा लाखांच्या वर राहिली. वर्गणी भरून मिळवलेला हक्क संपलेल्या लोकांना वाढीव भत्ता दिला जाऊ लागला आणि तो देणे-न देणे मजूरमंत्र्याच्या मर्जीवर ठेवले गेले. १९२४ च्या मजूर सरकारने ही मर्जी काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ती परत आणली. ज्या वर्षी मर्जी मंत्र्याची होती, त्या वर्षी सदस्य आपल्या गावातील अमुक कामगाराचा भत्ता का थांबवला, असे थेट विचारू शकत होते आणि मंत्र्याला कारण सांगावे लागत होते. इतर भत्त्यांचे निर्णय मात्र रेफरींचे न्यायमंडळ आणि त्यावरील ‘अंपायर’ नावाचा निवाडा अधिकारी यांच्या हाती होते, तिथे ‘यात मला हस्तक्षेप करता येत नाही’ एवढेच उत्तर मिळे.

दरम्यान, ‘कामाचा खरोखर शोध घेत असल्याचे’ सिद्ध करण्याची अट १९२४ पासून सर्वांना लागू झाली. जिथे काम नाहीच, तिथे ते शोधल्याचा पुरावा मागणाऱ्या या अटीवर झालेले पूरक प्रश्न फार कळकळीचे आहेत. प्रश्नांमधून वर्षानुवर्षे साठलेल्या तक्रारींनी ही अट लोकांच्या डोळ्यांत भरेल इतकी उघडी पाडली, असे मला वाटते. १९३० मध्ये ती रद्द झाली तेव्हा मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड होत्या. ब्रिटिश मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री सदस्य.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. ऑगस्ट १९३१ च्या आर्थिक संकटानंतर पुरुषाचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आणला गेला आणि नोव्हेंबरपासून दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या घरातील सर्वांचे उत्पन्न तपासणारी मीन्स टेस्ट सुरू झाली. मुलगा कमावता असेल, तर बापाचा भत्ता कापला जाऊ लागला. ही तपासणी स्थानिक साहाय्य समित्यांकडे असल्यामुळे मंत्र्याला समितीकडे बोट दाखवता येत होते. पण १९३२ मध्ये रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या फार उदार वागतात म्हणून सरकारने त्यांच्या जागी स्वतःचे कमिशनर नेमले. ‘समित्या स्वतंत्र आहेत’ ही उत्तरे आणि हा हस्तक्षेप एकत्र वाचावा. याविषयीचा प्रश्नही कोणत्या परिस्थितीत विचारला जात होता, ते विसरू नये : १९३१ च्या निवडणुकीनंतर ६१५ जणांच्या सभागृहात मजूर पक्षाचे पन्नासच्या आसपास सदस्य उरले होते, म्हणजे बेकारांची संख्या तीस लाखांकडे सरकत असताना त्यांच्या वतीने विचारणारी तोंडेच कमी झाली होती.

१९३४ च्या कायद्याने हा सारा कारभार बेकार साहाय्य मंडळाकडे दिला. त्याचे अध्यक्षपद हेन्री बेटरटन यांना मिळाले, जे त्याच वर्षापर्यंत मजूरमंत्री होते आणि जे पुढे लॉर्ड रशक्लिफ झाले. सभागृहात ज्याला प्रश्न विचारता येत होते, तोच आता प्रश्नांच्या आवाक्याबाहेर जाऊन बसला. जानेवारी १९३५ मध्ये मंडळाचे नवे दर लागू झाले, अनेकांचे पैसे कमी झाले, दक्षिण वेल्ससह ठिकठिकाणी लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत मजूरमंत्री ऑलिव्हर स्टॅन्ली यांना ते दर स्थगित करावे लागले. मंडळ स्वतंत्र असेल, तर स्थगिती मंत्र्याने कशी जाहीर केली, हा प्रश्न हॅन्सार्ड वाचताना आपोआप मनात येतो आणि त्या आठवड्यांतील प्रश्नोत्तरे वाचण्याचे कारणही तेच आहे.

ईशान्य इंग्लंडमधील जॅरो या गावाचा प्रसंग याच धाग्यावर येतो. पामर्सचा जहाजबांधणी कारखाना बंद झाल्यावर या गावाचे जगणेच थांबले होते. पोलादाचा नवा कारखाना काढण्याची योजनाही मोडली. ऑक्टोबर १९३६ मध्ये तेथील कामगार लंडनपर्यंत चालत आले आणि ४ नोव्हेंबरला त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी त्यांचा अर्ज सभागृहात सादर केला. बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष वॉल्टर रन्सिमन यांनी जॅरोमधील स्थिती समाधानकारक नसली, तरी अलीकडे सुधारली असल्याचे सांगितले. त्यावर शेजारच्या साउथ शील्ड्सचे चूटर ईड यांनी सरकारच्या या निश्चिंतपणाने देशाच्या सदसद्विवेकाचा अपमान होतो, असे सुनावले. अर्जाविषयी चर्चा झाली नाही, पुढचे कामकाज सुरू झाले. एवढा लांबचा मोर्चा आणि नोंदीतील एवढी थोडी जागा, हे प्रमाण पाहण्यासाठी तरी तो स्तंभ मुळातून वाचावा.

मुंबईचे कापड लंडनच्या सभागृहात

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा धागा सुती कापडाचा. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कापडगिरण्यांचा परगणा असलेल्या लँकेशायरने सुमारे सात अब्ज यार्ड कापड परदेशी पाठवले होते आणि त्यातील सुमारे तीन अब्ज यार्ड भारतात आले होते. युद्धानंतर ही विक्री घसरत गेली, तसे लँकेशायरचे सदस्य भारतमंत्र्याला भारताच्या आयात जकातीविषयी विचारू लागले. ही जकात १९१७ मध्ये साडेसात टक्के, १९२१ मध्ये अकरा टक्के झाली होती. मार्च १९२१ मध्ये भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाला जे सांगितले, तेच पुढे उत्तरांत पुन्हा पुन्हा येते : भारत सरकार आणि तेथील कायदेमंडळ यांचे जकातीबाबत एकमत असेल, तर लंडनने मध्ये पडू नये. ही उत्तरे वाचताना दुसरी बाजूही नजरेसमोर ठेवावी. ज्या भारत सरकारच्या संमतीवर हे सारे अवलंबून होते, ते सरकार दिल्लीतील निवडून आलेल्या सदस्यांना जबाबदार नव्हते.

इथे दोन्ही ठिकाणचे वृत्तांत शेजारी ठेवल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही. मध्यवर्ती कायदेमंडळाचे वृत्तांतही छापील खंडांत उपलब्ध आहेत. भारतात प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने आला. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची मुभा मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. भारतीय गिरण्यांच्या कापडावर असलेला साडेतीन टक्के उत्पादनकर हा दिल्लीतील प्रश्नांचा जुना विषय होता. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के मजुरीकपात जाहीर केली, सप्टेंबरपासून गिरणगाव बंद पडले आणि १ डिसेंबरपासून हा कर स्थगित झाल्यावर कपात मागे घेऊन संप मिटला. पुढच्या वर्षी कर रद्दच झाला. लँकेशायरच्या सदस्याचा कराविषयीचा प्रश्न, दिल्लीतील उत्तर आणि परळच्या कामगाराची मजुरी या तिन्ही गोष्टी एकाच हंगामातील आहेत. तारीखवार टिपण ठेवले, तरच ते दिसते. त्यापुढे १९३० ची ब्रिटिश मालाला झुकते माप देणारी जकात, साम्राज्यातील देशांच्या मालाला परस्पर सवलती देणारा १९३२ चा ओटावा करार आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी व लँकेशायरचे क्लेअर लीस यांच्यात झालेला समझोता, असा हा धागा वाढवता येतो.

याच सभागृहात मुंबईत जन्मलेला एक सदस्यही होता. जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला १९२२ ते १९२३ आणि १९२४ ते १९२९ या काळात लंडनच्या उत्तर बॅटर्सी मतदारसंघातून निवडून आले होते. १९२६ मध्ये मे दिनाच्या भाषणाबद्दल त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. त्यांच्या नावाने शोध घेतल्यास भारतातील मजुरांविषयीचे आणि बॅटर्सीतील बेकारांविषयीचे प्रश्न एकाच यादीत मिळतात. सरावासाठी ही यादी फार चांगली आहे.

आकडे आणि नोंदी

एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. १९२७ पासून रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला होता, म्हणून त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या रकमा रुपयांत मांडताना वर्ष तपासावे. मजूर मंत्रालयाच्या निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाविषयी उत्तरांत नुसते ‘इतके टक्के’ म्हटलेले असते. ते जुलै १९१४ च्या पातळीपेक्षा किती टक्के वर, असे समजावे. नोव्हेंबर १९२० मध्ये हा आकडा १७६ पर्यंत गेला होता. निर्देशांकातील खर्चाची विभागणी १९०४ मधील कामगार कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेली होती आणि नवी पाहणी थेट १९३७-३८ मध्ये झाली. त्यामुळे ‘राहणीमान स्वस्त झाले’ असे सांगणारे तिसऱ्या दशकाच्या अखेरीचे किंवा चौथ्या दशकाचे उत्तर जसेच्या तसे उचलू नये.

हॅन्सार्डमध्ये पानांऐवजी स्तंभांना क्रमांक आहेत. प्रत्येक टिपणावर सभागृहाचे नाव, मालिका, खंड, तारीख आणि स्तंभक्रमांक लिहावा. त्याखाली विचारणाऱ्याचे नाव व मतदारसंघ, उत्तर देणाऱ्याचे पदनाम आणि उत्तर तोंडी की लेखी हे लिहावे. शेवटचा एक रकाना रिकामा सोडावा आणि त्यात, उत्तरात जबाबदारी कोणाकडे आहे असे सांगितले गेले, ते एका ओळीत भरावे. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी झाल्यावर फक्त हा रकाना वरून खाली वाचावा आणि जिथे नाव बदलले आहे, त्या तारखेचा कायदा शोधून त्याच्या विधेयकावरील चर्चा वाचायला घ्यावी.